उखळातला चेंडू

गोल्फमध्ये अवघड असं काही नाही, हे मी पाटणच्या एस.टी. स्टँडवर चारचौघांत छातीठोकपणे सांगून आलो होतो. का सांगू नये? पलटणीत असताना कर्नलसाहेबांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी मीच तर वाहिली. चौऱ्याहत्तर साली पेन्शनीवर निघालो तेव्हा साहेबांनी एक जुनी काठी आणि पांढरा चेंडू बक्षीस दिला. वर बजावलं, हवालदार, सराव सोडू नको. या काठीनं चेंडू लांब हाणायचा नसतो, हिरवळीवरून हळूच ढकलत खळग्यात घालायचा असतो.

आमच्या गावात हिरवळ दिसली की तिच्यावर म्हैस उभी असतेच. म्हणून मी सराव घरातच धरला. बायकोनं, म्हणजे बनुबाईनं, सारवलेला आमचा सोपा बिलियर्डच्या टेबलासारखा सपाट. कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. इतका देखणा खळगा साहेबांच्या क्लबातही नव्हता! अडचण एकच, चेंडू उखळ सोडून घरभर जायचा. एकदा तर तो म्हशीपुढच्या आंबोणाच्या पाटीत, भिजवलेल्या पेंडीत निघाला.

त्या दिवशी आमच्या सुलाला बघायला म्हसवडचे नानासो मुलाला घेऊन दुपारच्या गाडीनं यायचे होते. दोन स्थळं आधीच परत गेलेली, त्यामुळं बनुबाईच्या जिवाला घोर. तिनं उखळात रश्श्याची मिरची कांडली आणि चाळण आणायला आत गेली. जाताना मला सांगून गेली, आज त्या काठीला हात लावू नका. पण सोपा रिकामा, काठी समोर. म्हटलं, एकच.

चेंडू निघाला तो सुतासारखा सरळ, आणि गडप! आयुष्यातला पहिला. मी हात घालून तो मिरचीतनं उकरून काढला आणि आनंदानं कपाळावर आलेला घाम त्याच हातानं पुसला.

डोळ्यांत वणवा पेटला. पाणी मारलं तर तो नाकात उतरला. मी गुडघ्यात मान घालून हुंदके देत बसलो. तेवढ्यात दारात नानासो आणि त्यांचा मुलगा. कुणाची तरी जीप मिळाली म्हणून लवकर आलेले.

बनुबाई बाहेर आली. चेंडू बघितला, मला बघितलं आणि कानाशी लागून पुटपुटली, "आता काय सांगू पावण्यास्नी? पोरीचा बाप घरात चेंडू खेळतोय म्हनून?"

मग पदर सावरून तिनं पाहुण्यांना सांगितलं की पोरीवर यांचा लय जीव, ती जाणार म्हणून सकाळपासून असंच चाललंय.

नानासो मऊ काळजाचा माणूस. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी बराच वेळ समजूत घातली. मी हात सोडवायला बघत होतो, ते आणखी घट्ट धरत होते. शेवटी त्यांचेही डोळे पाणावले आणि ते त्यांनी तळहातांनी पुसले.

मग आम्ही दोघं गळ्यात गळा घालून रडलो. आवाज ऐकून शेजारची साळूबाई धावत आली आणि कोण गेलं ते न विचारताच तिनं गळा काढला. अर्धी आळी अंगणात जमली.

"आईला पोचवताना बी असं रडू आलं न्हवतं, हवालदार," नानासो म्हणाले.

सुला पोह्यांच्या बशा घेऊन आली, पण नानासोंना ती दिसायची सोयच नव्हती. मुलानं तिला बघून मान डोलावली आणि सुपारी तिथंच फुटली. उठताना नानासोंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बापलेकीची ताटातूट करायचं पाप आमी करनार न्हाई. आमचं पोरगं पाटनात नोकरी बघतंयच. लगीन झालं की दोघंबी हितंच ऱ्हातील."

सुला खूश आहे. जावई अजून नोकरी बघतोय. सकाळी उशिरा उठून भाकरी मोडतो, दुपारी घोरतो, संध्याकाळी रश्श्यात मीठ कमी आहे म्हणतो. मी कधी कुरकुर केली की बनुबाई शांतपणे म्हणते, "रडायच्या आदी इचार करायचा हुता."