भाऊंच्या फोटोखाली तारा नाय

बोर्ड हातातून सुटला आन सगळे तारे गोदामाच्या फरशीवर पांगले. साहेब दहा मिनटात येणार, आन कुठला तारा कुणाच्या फोटोखाली होता ते मला आठवंना.

आमचं जासईला कंटेनरचं गोदाम. आमी बाराजण खोकी भरतो. बोर्डावर बारा फोटो. चांगलं काम केलं की साहेब फोटोखाली चुंबकाचा तारा लावायचा, टॅलेंट बोर्ड म्हणायचा त्याला. कुणी ढापू नये म्हणून मागं नाव बी लिहायचा. तो साहेब बदलून गेला. नवा आज पयल्यांदा बोर्ड बघणार, आन ज्याला तारा नाय त्याला पुढल्या महिन्यापासून काम नाय. म्हणून तर मी पुसायला घेतला, चांगला दिसावा म्हणून. माझी पोर दीड वर्साची, नणंदेकडं ठेवून येते, मला काम लागतंय हो.

तारा नाय असे एकच, म्हात्रेभाऊ.

साठीला आलेला माणूस. सकाळी गेटवर उभा राहून एकेकाची बॅटरी बघतो, मोबाईलच्या कांड्या मोजाव्या तशी. तोंड बघूनच. "तुज्या तीन कांड्या. तुजी एकच, गो बाय. पोर झोपली नाय ना?" मग हातावर खारे शेंगदाणे. कांडी कमी त्याला मूठभर, फुल्ल बॅटरीला एक दाणा नाय. त्यामुळं आमी सगळे गेटवर आजारी तोंड करून येतो. वॉचमन तर लंगडतो.

मग भाऊ बोर्डापुढं जाऊन फोटोंची बी इचारपूस करतात. आयतवारी सुट्टी, तरी येतात. मी इचारलं, "भाऊ, घरी करमत नाय काय?"

"घरी चार भिंती. एकीला तोंड नाय, गो. इथं बारा हायत."

"बारात तुमी पण धरलाव?"

"धरला. त्याच्याशीच जास्त बोलतो."

कामावरची पोरं छळायची, भाऊ, तुमचा टॅलेंट रजेवर हाय काय? भाऊ म्हणायचे, चार्जिंगला लावलाय.

तर मी तारे उचलून पालथे केले, नावं वाचून लावावे म्हणून. पाचवी शिकले, एवढं वाचता येतं. म्हात्रे. दुसरा, म्हात्रे. अकरा ताऱ्यांतले पाच म्हात्रे. माझ्या नावाचा एक बी नाय.

बाळंतपणानंतर कामावर आले तेव्हा माझे हात थरथरायचे, खोकं टेपनं चिकटवता येत नव्हतं. आन एका सकाळी माझ्या फोटोखाली तारा. साहेबानं बघितलं आपलं काम, असं वाटलं. त्या दिवसापासनं हात थरथरला नाय. आता सगळ्यांत जास्त खोकी माझी.

दहा तारे लावले, सहा नावं बघून, चार म्हात्रेवाले ज्यांच्या नावाचा तारा नव्हता त्यांना. म्हात्रे लिहिलेला एक हातात उरला. मोकळे फोटो दोन, माझा आन भाऊंचा.

मागं भाऊच उभे. "लाव गो जिथं होता तिथं."

"आन तुमी?"

"माजी बॅटरी फुल्ल हाय."

रोज तेच आमची तोंडं बघतात. त्यांचं मी आज पयल्यांदा नीट बघितलं. एक बी कांडी नव्हती. मी खिशातले शेंगदाणे काढून त्यांच्या हातावर ठेवले, त्यांचेच सकाळचे. त्यांनी मूठ मिटली आन बोर्डाकडं तोंड केलं.

जिन्यावर साहेबाचे बूट वाजले. तारा माझ्या मुठीत, घामानं ओला. तुमीच सांगा, तुमी कुठं लावला असता?