तानूबाईचा दोर आणि भरपूर दाखविणारा काटा

श्री. जे पाणी दिसत नाही त्यास प्रथम नमस्कार, जे दिसते त्यास नंतर. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ वद्य पंचमी, ते दिवशी राज्याचे पाणी गेले हे उघड जाहले. राज्याचे धनी भिकाजीराजे यांनी राजधानीत नवा नळ बसविला होता, आणि त्याचे पूजन करावे म्हणोन मांडव घातला, आणि वाजंत्री आणविली, आणि राजांनी स्वहस्ते तोटी फिरविली. तो नळाने प्रथम ढेकर दिली, मग खोकला काढिला, मग थोडा गाळ राजांचे नव्या जोड्यावर टाकिला आणि गप्प राहिला. वाजंत्री वाजतच होती. चिटणीस बापूजीपंत धावत विहिरीकडे गेले आणि तेथूनच ओरडले, "राजे, चिंता नाही! काटा भरपूरवर आहे!" तेव्हा गर्दीतून आमची शेजारीण शेवंताबाई बोलली, "मग आजपासून काटाच प्या. आमच्याकडे दोन पेले पाठवा."

आता हा काटा कोणता, ते सांगितले पाहिजे. सदरहू राज्याची चतुःसीमा ऐसी: पूर्वेस माळ, पश्चिमेस ओढा, तो आठ महिने नावाचाच, दक्षिणेस डांबरी सडक, उत्तरेस मोबाईलचा टॉवर. रानोरान विहिरी आहेत, परंतु खाली पाणी सर्वांचे एकच, आणि मध्ये गावविहीर, तिचे पाण्यावरोन साऱ्या राज्याचे पाणी ओळखावे अशी रीत. रीत चालविणारी तानूबाई. ती ही बखर लिहिणाराची स्त्री. तिने बावीस गाठींचा दोर केला होता, हाता-हातावर एक गाठ, टोकास दगड, आणि दर अमावास्येस ती तो तळापर्यंत विहिरीत सोडी आणि ओढून घेताना वरच्या कोरड्या गाठी मोजून देवळापुढे मोठ्याने सांगे. दिवाळीच्या अमावास्येस आठांहून अधिक गाठी कोरड्या निघाल्या तर त्या साली कोणी ऊस लावू नये, हरभरा आणि ज्वारी करावी. हा हुकूम कोणत्या दरबाराचा नव्हे, परंतु मोडण्याची छाती कोणाची नव्हती. एके साली भिकाजीराजे म्हणाले, "तानूकाकू, नऊच तर आहेत. एक गाठ सोडून द्या की." ती बोलली, "गाढवा, गाठ मी सोडीन रे, पाणी वर येईल का?" राजे तेव्हा गादीवर नवे होते, ते हसले आणि त्यांनी हरभरा पेरला. दोराचे शेवटी दगडापर्यंत चार हात दोर गाठीविना होता. आम्ही पुसिले, "हा का मोकळा ठेविला?" ती म्हणाली, "तिथवर जायची पाळी येऊ नये म्हणून."

श्रावणात तिला ताप आला आणि सहावे दिवशी ती गेली. याहून अधिक लिहिता येत नाही. दोर आम्ही घरी आणोन खुंटीस टांगिला. मग राजांनी विचार केला की आता राज्य दोरावर चालणे बरे दिसत नाही, आणि शहरातून एक यंत्र आणविले. पाण्यावर भोपळ्याएवढे तरंगते, त्यास तार, आणि वर तबकडी, तीवर कोरडे, मध्यम, भरपूर ऐसी अक्षरे आणि एक काटा. विहिरीवर पत्र्याचे झाकण घातले, सबब आत डोकावणे बंद जाहले. दसऱ्यास हत्यारांबरोबर यंत्राचीही पूजा जाहली, आणि ते दिवशी विहीर भरलेली, काटा भरपूरवर, राजे बहुत खुशाल. दिवाळीस शेवंताबाई घरी आली आणि म्हणाली, "भावजी, दोर टाका एकदा. खुंटीवर वाळवून काय पापड करायचेत त्याचे?" आम्ही म्हणालो, "वहिनी, काटा आहे. दोर राहू द्या." काटा भरपूरवर, तेव्हा साऱ्या राज्याने ऊस लाविला. पुढे रानातल्या विहिरी उतरू लागल्या, तरी कोणी घाबरले नाही. जो तो म्हणे, सरकारी काटा भरपूर आहे, माझीच विहीर आळशी झाली. आणि जो तो आपली आळशी विहीर खोल करी, आणि अधिक पाणी उपसी. याप्रमाणे तीन महिने राज्य भरपूर होते.

नळ गप्प जाहला त्या पंचमीस झाकण उचलले आणि सर्वांनी आत पाहिले. झाकणाखाली लोखंडी कडी, आणि कडीस व तारेस एकत्र बांधोन एक लिंबू आणि सात मिरच्या, काळ्या नायलॉनच्या दोऱ्याने, पक्की गाठ. राजांनी चिटणीसांकडे पाहिले. चिटणीस म्हणाले, "दसऱ्याला बांधलं. नवं यंत्र, दृष्ट लागली असती." राजे म्हणाले, "बापूजी, दृष्ट यंत्राला नाही लागली. आपल्याला लागली." मग दोरा कापला, तो तार सणाणत खाली गेली, आणि काटा भरपूर, मध्यम, कोरडे ऐसा तिन्ही अक्षरांवरोन धावोन शेवटास आपटला आणि थांबला. त्याचे खाली काही लिहिलेले नव्हते. आत अंधार, बॅटरीचा उजेड पुरेना, मोटारीचा पाइप उघडा पडलेला. आता खाली घोटभर आहे की काहीच नाही, हे कळल्याशिवाय काय जगवावे आणि काय सोडावे ते ठरेना. राजे म्हणाले, "बोअर पाडू. आठशे फूट." शेवंताबाई म्हणाली, "खाली काय तुमचे मामा राहतात, हंडे भरून ठेवायला?"

मग राजे आमचे घरी आले, पायी, जोड्यास गाळ तैसाच. म्हणाले, "काका, दोर द्या." आम्ही म्हणालो, "तो ओला करावयाचा नाही." ते म्हणाले, "का?" आम्ही सांगितले की आषाढी अमावास्येस तिने तो शेवटचा भिजविला, आणि पाण्याची रेघ अजोन त्यावर आहे, गाळाची, सातवे गाठीखाली. भिजविला की पुसेल. राजांनी खुंटीकडे पाहिले. मग म्हणाले, "काका, तिनं मला भर देवळापुढं गाढव म्हटलं होतं. मी ऊस लावला नाही. यंदा म्हणायला कोणी नव्हतं." दिवाळीस शेवंताबाईने आम्हांस सांगितले होते, आणि आम्ही दोर दिला नव्हता, हे राजांस ठाऊक नव्हते. ते आम्ही त्यांस तेव्हाच सांगितले. मग खुंटीवरोन दोर काढिला.

राजे विहिरीचे काठावर पालथे पडले आणि चिटणीसांनी त्यांचे पाय धरिले. आम्ही दोर सोडिला तो दगड तळास टेकला. मग वर ओढू लागलो आणि राजे कोरड्या गाठी मोजू लागले, आणि मागे सारे राज्य मोजू लागले. सातवी आली, रेघ आली. पंधरा, अठरा, बावीस. मग गाठी संपल्या आणि गुळगुळीत दोर हाती येऊ लागला, तोही कोरडा.  शेवटी दगडावरचे दोन हात आणि एक वीत दोर भिजलेला निघाला. चिटणीसांनी तो गालास लावोन पाहिला आणि ते रडले, आणि शेवंताबाई म्हणाली, "आता लिंबू नका बांधू त्याला."

मग दरबार विहिरीवरच भरला आणि निवाडा जाहला. गावविहिरीची मोटार बंद, पाणी पोहऱ्याने काढावे आणि ते प्यावयाचेच. रानातल्या मोटारीही बंद. ऊस वैरणीस तोडावा, आणि पहिला राजांचा. राजांनी दुसरे दिवशी आपला ऊस तोडविला आणि गुरे तो तीन दिवस खात होती. बोअरचे बोलणे निघाले नाही. फाल्गुन, चैत्र, वैशाख, दर अमावास्येस आम्ही दोर सोडितो आणि राजे आकडा मोठ्याने सांगतात. त्यांचा आवाज तिच्याएवढा पोहोचत नाही, सबब लोक जवळ येऊन ऐकतात. पाणी मृगापर्यंत पुरले.

सारांश, काटा दुरुस्त आहे, दोर चालू आहे, दिवाळीस काय पेरावे ते दोर सांगेल. पंचमीस पाणी जेथे लागले तेथे तेविसावी गाठ मारावी, म्हणजे पुढील लोकांस खूण राहील, ऐसा दरबाराने ठराव केला आणि ते काम आम्हांवर सोपविले. गाठ अद्याप मारलेली नाही.