भटका डाग

भूमितीच्या निवृत्त मास्तरांच्या उजव्या फुप्फुसात सोमवारी एक गोल डाग आढळला. न्यूमोनिया बरा होऊन ते घरी निघायच्या बेतात होते, चपलासुद्धा पलंगाखाली हजर होत्या. खाटेपाशी यंत्र आणून काढलेल्या एक्स-रेने सगळं मुसळ केरात घातलं. खबरदारी म्हणून एक गोळी तेवढी सुरू झाली.

मास्तरांनी फोटो निरखला. "काठ कंपासने आखल्यासारखा आहे," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब, हे माझ्या छातीवरच्या स्टिकरचं धातूचं बटण आहे. हृदयाच्या मॉनिटरची वायर अडकवलीय ना, तेच."

"शक्यता नाकारता येत नाही," मोठे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पण रिपोर्टात बटण नाही, डाग आहे. रिपोर्ट लिहिणारे दुसऱ्या इमारतीत बसतात. त्यांनी तुम्हांला कधीच पाहिलेलं नाही, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती असतं."

"मग वायरी काढून फोटो घ्या."

"डाग असलेल्या रुग्णाच्या वायरी काढता येत नाहीत. डाग गेला की लगेच काढू."

दुसऱ्या दिवशी नर्सने सुटत आलेला स्टिकर बदलून जरा वर लावला, तर नव्या एक्स-रेत डागही वर सरकला. 'भटका डाग' असं त्याचं बारसं झालं. तो निसटण्याआधी छाती उघडून पकडावा, असं डॉक्टरांच्या समितीने एकमताने ठरवलं. संमतीचा कागद बायकोनेच पुढे केला.

"एवढी शिकलेली माणसं उगाच बोलतील का?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्हांला मेलं जिथे तिथे वर्तुळच दिसतं."

ऑपरेशनच्या सकाळी शेवटच्या एक्स-रेसाठी यंत्र आलं, तेव्हा मास्तरांनी सगळे स्टिकर उपटून उशीखाली कोंबले. मॉनिटरवर सरळ रेघ आली. चौघे धावले, एकाने छाती दाबायला घेतली.

"अहो, जिवंत आहे मी!" मास्तर ओरडले.

"थांबा आजोबा," तो मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाला, "बघून सांगतो."

एक्स-रे मात्र स्वच्छ निघाला. डाग गोळीने विरघळला, असा निष्कर्ष निघाला आणि गोळी जन्मभरासाठी लिहून मिळाली.

डाग कुठे गेला ते मास्तरांना पक्कं ठाऊक आहे. तरी रोज जेवणानंतर ते गोळी घेतात. "न जाणो," म्हणतात. भेटायला येणारे शेजारी हा किस्सा ऐकून पोट धरून हसतात, आणि जाता जाता गोळीचं नाव हळूच लिहून घेतात.

तुम्हीही हसलातच की. मग आता मागे जाऊन गोळीचं नाव कशाला शोधताय?