तीन अ‍ॅप आणि बिनखताची ओळ

मोर्शीच्या महादेवरावांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या सांगण्यावरून बियाणं पेरलं नाही. दुकानदार सांगो, कृषी खात्याचा साहेब सांगो, नाहीतर टीव्हीवरचा तो सदा हसणारा शेतकरी सांगो! महादेवराव तीन कंपन्यांच्या पिशव्या आणणार, एकाच वावरात शेजारी-शेजारी पेरणार, तिन्हींना सारखं खत, सारखं पाणी देणार आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेला एक ओळ मुद्दाम बिनखताची ठेवणार. खतानं नेमकं काय केलं ते कळायला नको? मग नोंदवहीत निकाल. कधीकधी ती बिनखताची ओळच सगळ्यांच्या वर जाई. महादेवराव तिच्यापुढे लिहीत, 'कारण समजत नाही,' आणि वही मिटत.

तर त्यांची आरती नोकरीसाठी जर्मनीत गेली आणि तिथल्या टोबियासशी तिचं जमलं. मुलाबद्दल तक्रार नव्हती. त्यानं व्हिडिओ कॉलवर संत्र्याच्या कलमांविषयी तीन प्रश्न विचारले, तेव्हाच तो जावई म्हणून पास झाला होता. प्रश्न एवढाच होता की लग्न मोर्शीत की जर्मनीत? आणि ते ठरवणार होत्या टोबियासच्या आई, रेनाटाबाई.

"बाबा, दिवाळीनंतर त्या आठ दिवस आपल्याकडे राहाले येतीन," आरती फोनवर म्हणाली. "त्याईले इंग्रजी येत नाही. घरात परकं वाटलं, तर लग्न तिकडेच करतीन."

"परकं? मोर्शीत?" महादेवराव कडाडले. "व्याहिणीसंगं मी स्वतः जर्मनमधी बोलीन! मधात कोनी नाही. तू बी नाही!"

बोलून तर गेले. पण लेक दूर गेली ती गेली, निदान तिच्यावर अक्षता आपल्या अंगणात पडाव्यात, एवढंच त्यांना मनापासून हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना मात्र न सांगताच कळलं.

आता भाषा शिकायची तर अ‍ॅप हवं. अ‍ॅप निघाली पन्नास! प्रत्येक जण म्हणणार मीच भारी. महादेवरावांनी बियाण्याचीच रीत लावली. रंग बघून तीन अ‍ॅप निवडली, हिरवं, निळं आणि पिवळं. हिरवं स्वतःवर. पिवळं थोरल्या बहिणीवर, बेबीताईंवर. निळ्यासाठी अकोल्याच्या जठारपेठेतून साळा बोलावला, लीलाबाईंचा भाऊ. बंडूचं तिथं बांगड्यांचं दुकान.

"बंडू, दोन महिने अथीच राहाचं."

"अन् दुकान, भाऊजी?"

"तुही बायको पाहीन."

"पन मले कायले पायजे जर्मन?"

"वाणाले कोनी इचारते का, बाबा तुले उगवाचं हाय का म्हणून?"

बंडूनं पिशवी खुंटीला अडकवली. बहिणीच्या हातचं दोन महिने खायला मिळणार, हे त्याच्या तेवढ्यात लक्षात आलं होतं.

"अन् मी?" लीलाबाईंनी विचारलं.

"तू बिनखताची ओळ! अ‍ॅपले बोटही लावाचं नाही. नाहीतर तुलना बाटते."

"बरं," म्हणून लीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवर उघडते. तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला तिघं ओसरीवर. सारखी जागा, सारखा चहा, सारखा नाश्ता. बेबीताईंना कमी ऐकू येतं, म्हणून तिघांचे फोन फुल आवाजात, आधी जर्मन वाक्य, मग त्याचा मराठी अर्थ. गल्लीतली कुत्री पहिले चार दिवस भुंकली, मग तीही सरावली.

हिरवं अ‍ॅप महादेवरावांना उठता-बसता पदकं देई. जिल्हा परिषदेनं तीस वर्षांत केलं नसेल एवढं कौतुक त्यानं तीन आठवड्यांत केलं! महादेवराव नोंदवहीत लिहीत, 'हिरवं, जोमदार.' ते अ‍ॅप फक्त प्राण्यांबद्दल बोलतं, ही गोष्ट त्यांना खटकली नाही. निळं होतं प्रवाशांसाठी, त्यामुळे बंडू दिवसभर स्टेशन शोधायचा आणि हॉटेलचं बिल मागायचा. पिवळं होतं कचेरीतल्या लोकांसाठी. बेबीताई, ज्यांनी जन्मात कचेरीची पायरी चढली नाही, त्या झोपेतही बैठका पुढे ढकलायला लागल्या. आपल्याला मिळालं तेवढंच अख्खं जर्मन, अशी तिघांचीही खात्री होती.

आणि रेनाटाबाई आल्या! उंच, गोऱ्या, जरा बावरलेल्या. सोबत आरती आणि टोबियास.

"आरती, जवायाले बगीचा दाखव," महादेवरावांनी हुकूम सोडला. "एक तास इकडं फिरकू नका."

"बाबा, मी थांबते ना..."

"जा म्हटलं ना! अन् सगळ्याईचे फोन कपाटात. परीक्षा म्हणजे परीक्षा!"

बंडूनं हात जोडून व्याहिणीचाही फोन मागून घेतला आणि लोखंडी कपाटाला कुलूप घातलं. परक्या देशात, परक्या घरात, पोरगा नजरेआड आणि फोन कपाटात! रेनाटाबाई खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या.

महादेवरावांनी घसा साफ केला, फेटा सारखा केला आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाले, "हत्तीला दूध आवडत नाही!"

रेनाटाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. हत्ती नव्हता.

"भाऊजी, थांबा, मी सांभाळतो," म्हणत बंडू पुढे झाला आणि जर्मनमध्ये विचारता झाला, "स्टेशन कुठं आहे? गाडी किती वाजता सुटते?"

रेनाटाबाईंचा चेहरा उतरला. आल्या आल्या स्टेशनचा विषय? त्यात बेबीताईंनी त्यांचा हात प्रेमानं हातात घेतला, आणि वयाला शोभेल अशा गोडव्यानं सांगितलं, "आजची बैठक रद्द झाली आहे. पुढच्या मंगळवारी या."

"आता बिल द्या!" बंडूनं शेवटचा घाव घातला.

झालं! रेनाटाबाई उठल्या. डोळे भरलेले. आपण भलत्या दिवशी आलो, हे लोक आपल्याला घालवताहेत, वर पैसेही मागताहेत! त्यांनी कोपऱ्यातली बॅग उचलली.

महादेवरावांच्या डोळ्यांसमोर अंगणातला मांडव उखडून नागपूरच्या विमानतळाकडे निघाला होता. पदकांच्या ढिगातून एक तरी कामाचं वाक्य निघावं म्हणून त्यांनी जिवाच्या आकांतानं आठवलं. सापडलं ते हे: "माकड झाडावर आहे!"

तेवढ्यात लीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. व्याहिणीच्या हातून बॅग घेतली, खाली ठेवली, आणि सावकाश, तुटक पण स्वच्छ जर्मनमध्ये बोलल्या, "बसा. बैठक आजच आहे. आमच्या घरी बिल नसतं. स्टेशन विसरा, तुमची खोली तयार आहे." मग महादेवरावांकडे बोट दाखवलं. "हा माझा हत्ती. याला दूध आवडत नाही. तुम्ही चहा घेणार का?"

रेनाटाबाईंनी हत्तीकडे पाहिलं. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की आरती आणि टोबियास बगीच्यातून पळत आले!

त्या संध्याकाळी परसात गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले गेले. रेनाटाबाईंनी वांग्याच्या भाजीशी दोन खाल्ले, नाक पुसत तिसरा घेतला, आणि लीलाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "लग्न इथंच! या अंगणात." आरतीनं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण लीलाबाईंनी आधीच त्यांना मिठी मारली होती. महादेवराव तोंड फिरवून उगाच गोवऱ्या सारख्या करू लागले. धूर त्या बाजूला नव्हता, तरी त्यांचे डोळे पाझरत होते.

रात्रीची भांडी आवरताना ते स्वयंपाकघरात आले.

"लीला, तू तर बिनखताची होती. मंग हे कसं?"

"खिडकी बंद केली होती का तुमी? कणीक मळता मळता तिघाईचं ऐकत होती. तुमी एकेकाच्या नळाचं पाणी प्यालं. माह्याकडं, धुऱ्यावरच्या ओळीवानी, तिन्ही वाफ्यांचं वाहून आलं."

महादेवरावांनी धावत जाऊन जुन्या वह्या काढल्या आणि जिथं जिथं 'कारण समजत नाही' लिहिलं होतं, तिथं तिथं लिहिलं, 'धुरा!' जिंकलेल्या माणसाच्या थाटात वही मिटली. शेवटी पद्धत त्यांचीच ना!

लग्नाला जर्मनीहून अकरा माणसं येणार होती. म्हणून आता ओसरीवर लीलाबाई नातेवाइकांना तिन्ही अ‍ॅप मोठ्यानं शिकवू लागल्या, आणि चहाचं काम महादेवरावांनी हट्टानं मागून घेतलं. "या साली धुऱ्यावर मी!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. खिडकी सताड उघडी ठेवत.

महिनाभरानं लीलाबाईंनी त्यांची परीक्षा घेतली. अख्खं घर जमलं. फोनवर रेनाटाबाईही होत्या.

"बोला, काय काय शिकले?"

महादेवरावांनी चहाची किटली खाली ठेवली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हत्तीला दूध आवडत नाही!"