सदऱ्याचा डावा खांदा

माणूस भेटला की सरूमावशी त्याच्या तोंडाकडे पाहत नसे, कॉलरकडे पाहत असे. कॉलरची घडी विरली आहे का, कापड सुती आहे की टेरिकॉट, आणखी किती धुणी टिकेल, हे सगळं तिला एका नजरेत कळे. मग ती विचारी, "काय भाऊ, बरं हाय ना?" हा प्रश्न मला आहे की माझ्या सदऱ्याला, याचा उलगडा मला बरेच दिवस झाला नव्हता.

नागपुरात आमच्या घराला लागूनच तिचं घर होतं. मध्ये मेंदीचं कुंपण. नवरा विणकर होता. तो गेल्यावर माग विकला गेला; विणताना पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा तेवढा पुढच्या खोलीत राहिला. तो तिनं बुजवला नाही. त्यात पोतं अंथरून मांजरं ठेवली. नावं मागावरचीच: ताणा, बाणी आणि धोटा. पहिल्या दोन मांजरी, तिसरा बोका. मागावर धोटा जसा इकडून तिकडे धावतो, तसा हा बोका दिवसभर तिच्या घरातून आमच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या स्वयंपाकघरातून तिच्या घरात धावत असे. जाताना रिकामा जाई, येताना बहुधा काही घेऊन येई.

मावशी गोधड्या शिवायची, आणि त्या थंडी संपल्यावर शिवायची. माघ सरत आला, अंगणातल्या संत्र्याला पांढरी फुलं आली, कडुनिंब पिवळी पानं ढाळायला लागला की हिची सतरंजी संत्र्याखाली पडे. सारं नागपूर गोधड्या उन्हात टाकून पेटीत भरायच्या तयारीला लागलेलं असे, आणि ही सुईत दोरा ओवत असे.

मी हिशेबी माणूस. कचेरीत दुसऱ्यांची बिलं तपासणं हे माझं काम, त्यामुळे चूक दिसली की गप्प बसवत नाही. एकदा म्हटलं, "मावशी, गोधडी थंडीच्या आधी शिवावी. थंडी गेल्यावर कशाला?"

"थंडीत गोधडी आंगावर घ्याची असते भाऊ. शिवत बसली तं घेऊ कवा?" ती म्हणाली. "अन हे पाहा, झाड आता पान टाकून राहिलं. मानसानंबी आताच जुनं टाकलं पाह्यजे."

म्हणजे मुद्दा पुन्हा माझ्या सदऱ्यावर आला.

तिची आणखी एक रीत होती. गोधडीची शेवटची फट शिवण्याआधी ती आत ज्वारीचे चार दाणे सोडी. "गोधडीचं पोट उपाशी ठेवू नाही," असं तिची आई म्हणे. आता, गोधडीत ज्वारी म्हटल्यावर उंदीर येणारच. उंदीर येतात म्हणून मांजरं. मांजरं शिवणावर येऊन झोपतात, आणि झोपलेलं मांजर उठवायचं नाही हा नियम, म्हणून गोधडी दिवसेंदिवस पुढे सरकत नाही. मी तिला ही सगळी साखळी नीट समजावून सांगितली आणि म्हटलं, "तुम्ही ज्वारीच घालू नका. म्हणजे उंदीर नाही, म्हणजे मांजरही नाही."

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अन मंग मी बोलू कोनासंग?"

टेरिकॉटशी मात्र तिचं वैर. त्या दिवसांत गल्लीतली तरुण मंडळी टेरिकॉटवर भाळली होती. कोणी तसला शर्ट घालून समोर आला की ती मान फिरवी. "वीस खेपा धुवा, जसं होतं तसंच. काहीच शिकत नाही थे कापड."

त्या वर्षी मात्र तिनं माझ्या एका सदऱ्याचा पिच्छाच पुरवला. पांढरा, सुती, बरीच वर्षं वापरलेला. कॉलर एकदा उलटी करून घेतली होती, कोपरावर रफू होतं. पण माझ्या अंदाजानं तो अजून दोन उन्हाळे निघाला असता. मी कचेरीतून आलो की तो घालून ओट्यावर बसे, आणि कुंपणापलीकडून आवाज येई.

"भाऊ, टाकता का थो सदरा?"

"अजून धड आहे मावशी."

"कवा फाटते?"

"ते मी कसं सांगू?"

"तुमी तं हिशेबवाले हा नं जी!"

गल्लीतल्या इतर घरांतूनही ती मागत होती. कुठून लुगड्याचा पदर, कुठून धोतराचं टोक. मला वाटलं, बाईची अडचण असेल, तोंडानं सांगत नसेल. मग मी सरळ माणसानं करावं ते केलं. बाजारातून दोन वार कोरा मांजरपाट आणला आणि तिच्या सतरंजीवर नेऊन ठेवला. म्हटलं, "घ्या. आता माझ्या सदऱ्याला सोडा."

मावशीनं कापडावरून हात फिरवला, घडी पुन्हा बसवली आणि ती माझ्या हातात दिली.

"नवं काय करू भाऊ? कोऱ्या कापडाले काही ठाऊक नसते."

एवढंच बोलली. पण चेहरा उतरला होता. त्या दिवसापासून तिनं सदऱ्याची चौकशी थांबवली.

घडी परत आलेली पाहून बायकोनं कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही काहून मधे पडले? शांतासाठी मागून राहिली ती."

शांता म्हणजे मावशीची एकुलती लेक, उमरेडला दिलेली. तिची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती, एक चार दिवसांचं, एक महिन्याचं. आता तिसऱ्या खेपेला पाडव्याच्या सुमारास ती बाळंत होणार होती. जिच्याकडे लेकरू टिकत नाही, तिच्या बाळाला पहिली गोधडी मागून आणलेल्या कापडाची घालायची. ज्या घरांत पोरं धडधाकट नांदतात, त्या घरांतल्या अंगावरच्या कापडाची. आमची चार होती, चारी धडधाकट. आणि का मागतो, ते सांगायचं नाही.

"मग मला आधी का नाही सांगितलं? पहिल्याच दिवशी दिला असता."

"सांगितलं की तुम्ही नेऊन देणार. तसं चालत नाही. तिनं मागायचं, मग आपण द्यायचं. ती मागत होती तेव्हा तुम्ही दोन उन्हाळे मोजत बसले. आता मागायचं सोडलं तिनं."

मी असल्या गोष्टी मानणारा नाही. पण चार दिवसांच्या लेकरापुढे माझं मानणं-न मानणं कुठे ठेवायचं, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मी तो सदरा घालून मावशीच्या अंगणात जाऊ लागलो. कधी मोगऱ्याचं आळं करायला, कधी तोंडलीच्या वेलाला काठी लावायला. बागकाम मला येत नाही. वेलाला लावलेली काठी संध्याकाळी वेलासकट आडवी होई. पण कॉलर तिच्या नजरेसमोर येईल अशा बेतानं मी वाकत असे. मावशी मान वर करत नव्हती. गोधडीच्या कडेनं सुरू झालेले टाके ओळीमागून ओळ आत सरकत होते, आणि मधोमध वीतभर जागा मोकळी होती. तिथे अजून कापड नव्हतं.

"मावशी, मधे काय लावणार?"

"पाहू नं जी."

"हा सदरा फार जुना झाला हो."

"धड हाय अजून," ती सुईकडे पाहत म्हणाली. "तुमीच म्हटलं होतं."

होळी झाली. संत्र्याची फुलं झडून बारीक हिरवी फळं दिसू लागली. दुपारचं ऊन आता टोचत होतं. शांताचे दिवस भरत आले होते आणि ती वीतभर जागा तशीच होती. मी रोज कचेरीतून येऊन सदरा चढवत होतो. बायको म्हणाली, "धुवायला तरी टाका." मी म्हटलं, धुवायला टाकला आणि नेमकं त्याच वेळी तिनं मागितला तर?

शेवटी काम केलं ते धोट्यानं. मी आळ्यापाशी वाकलो होतो. आमच्या स्वयंपाकघरातून काही तरी घेऊन तो कुंपणावर आला, पाठीमागून माझ्या बायकोचा ओरडा आला, आणि बोक्यानं थेट माझ्या खांद्यावर उडी टाकली. घसरू लागला म्हणून त्यानं नखं रुतवली. चर्र आवाज झाला. सदरा पाठीवरून खालपर्यंत फाटला.

मावशीची सुई थांबली. इतक्या दिवसांनी तिनं माझ्या कॉलरकडे पाहिलं.

"भाऊ, सदरा फाटला."

"फाटला."

"आता नाही घालता येत थो."

"नाही येत."

तिनं दोऱ्याचं टोक तोंडात धरलं, पुन्हा काढलं.

"मंग... देता का?"

मी तिथेच सदरा काढला आणि बनियनवर उभा राहिलो. मला वाटलं, ती आता सगळा कापून घेईल. तिनं तो मांडीवर पसरला, डावा खांदा हातानं चाचपला, कात्रीनं तेवढाच वीतभर काढला आणि बाकीचा सदरा मला परत दिला.

"एवढाच पाह्यजे होता?"

"चारी पोट्टे याच खांद्यावर झोपले नं तुमचे," ती म्हणाली. "ओट्यावर थोपटत राहत होते तुमी. मी इथून पाहत होती."

संध्याकाळच्या आत गोधडी पुरी झाली. ज्वारीचे चार दाणे बायकोनं आमच्या डब्यातले दिले, अर्थात मावशीनं मागितल्यावर. सकाळच्या एसटीनं ती उमरेडला गेली. मांजरांना दूध घालायचं काम माझ्याकडे आलं. पाडव्यानंतर ती परतली तेव्हा मी काही विचारलं नाही, आणि तिनं काही सांगितलं नाही. अशा घरात तोंडानं बोलायचं नसतं, एवढं मला आता कळत होतं. ती मधूनमधून उमरेडला जात होती, आणि रडून आलेली दिसत नव्हती, यावरून जो काय तो ताळा मी मनाशी जुळवत होतो.

पुढच्या माघात संत्र्याला पुन्हा फुलं आली. मी कुंपणापाशी गेलो तर मावशी सतरंजीवर बसली होती. मांडीवर तिची स्वतःची गोधडी होती. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती प्रथमच पाहत होतो. साऱ्या गल्लीला रंगीबेरंगी गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या गोधडीत नवऱ्याचं पांढरं धोतर आणि तिचं विटकं लुगडं, या दोघांखेरीज कोणीच नव्हतं. एका टोकाला बाणी झोपली होती, दुसऱ्याला ताणा. मधोमध ती तळहाताएवढं लाल टोपडं उसवून शिवत होती.

"हे कुठलं मावशी?"

"उमरेडहून मागून आनलं," ती म्हणाली. मग माझ्या कॉलरकडे नाही, तोंडाकडे पाहून म्हणाली, "लहान झालं त्याले."