तलावातली एकमेव वस्तू

"पोरी, मोजणीवाले येऊन राहिले. तुझ्या मामाजीले पाण्यात उतरू देऊ नको," असं सासू शामकलानं बजावलं, तेव्हा हर्षा हसली होती. बीएस्सी झालेली सून ती. मांडीवरच्या बाळाला थोपटत म्हणाली, "आत्याबाई, यंत्र पाण्यात नुसता आवाज सोडते. जिथं धडकला तिथून तो परत येते. मामाजीचं काय बिघडणार?"

कोहमाऱ्याजवळच्या तलावाचं ध्वनिचित्रण सकाळी रीतसर सुरू झालं. तळाच्या मऊ गाळानं आवाज गिळला. सबब, गाळ नाही अशी नोंद झाली. तिरप्या खडकानं आवाज भलतीकडेच उडवला. सबब, खडकही नाही. पडद्यावर ठसठशीत ठिपका एकच उमटला: अडकलेलं जाळं सोडवायला गळाभर पाण्यात शिरलेले हर्षाचे मामाजी, म्हणजे सासरे केवळराम. छातीतल्या हवेवरून आवाज कसा झकास परतत होता!

"काका, हलू नका!" सर्वेक्षण अधिकारी दुर्गाप्रसाद होडीतून ओरडले. "तलावात वस्तू एक, अशी तुमची नोंद झाली. उद्या पडताळणी. वस्तू जागेवर नसली तर पूर्ण सर्वे रद्द!"

"मी वस्तू नाही ना बाप्पा, धीवर आहो! थंडी वाजून राहिली मले!"

"तक्रार काठावरच्या टेबलावर, स्वतः, लेखी द्यावी. मात्र बाहेर येऊ नये. आणि श्वास सोडू नका, आकार घटतो!"

मग दर तासाला दुर्गाप्रसाद होडीतून विचारत, "काका, ठीक?"

"ठीक," पाण्यातून उत्तर येई.

वहीत शेरा पडे: प्रतिध्वनी प्राप्त, वस्तू सुस्थितीत.

चौथ्या 'ठीक'मध्ये हर्षाला दातांची कडकड ऐकू आली. बाळ सासूच्या हाती देऊन ती सरळ पाण्यात शिरली. म्हाताऱ्याची बोटं निळी पडली होती.

"मामाजी, ठीक काऊन म्हणता?"

"एवढा मोठा साहेब इचारून राहिला. त्याले नाही कसं म्हणू?"

पडद्यावर दोन ठिपके मिसळून एक झाले. "वस्तू वाढली!" दुर्गाप्रसाद हर्षभरित झाले. "प्रगती लिहा!"

प्रगतीचा दंड धरून हर्षानं ती काठावर ओढली. तलाव अधिकृतरीत्या रिकामा झाला आणि नोंदणीकृत वस्तू विनापरवाना हलवल्याची नोटीस संध्याकाळच्या आत घरी आली.

केवळराम आता चुलीपाशी आहेत. नोटिशीचं हर्षा बघून घेईल. तिला बोलायचं आहे तुमच्याशी, हे वाचणाऱ्यांशी. रविवारी गावाकडे फोन लावून 'ठीक' ऐकता आणि निर्धास्त होता ना? तिकडून 'ठीक' म्हणणाऱ्या त्या माणसाकडे एकदा जा. लांबून विचारू नका. हात हातात घेऊन बघा, गरम आहे का.