नाव घातलेली घागर

आमच्या समोरचे दौलतजी कुणाच्या घरी गेले आणि पाण्याचा पेला पुढे आला, की पाणी राहायचं बाजूला. पेला गोल फिरवून आधी त्यावरचं नाव शोधायचे. नाव नसलं तर खिशातून छिन्नी-हातोडी काढून तिथेच ओट्यावर बसायचे आणि घरधन्याचं नाव घालून द्यायचे. तेही फुकट! नागपूरच्या इतवारीत भांड्यांवर नावं घालण्याचंच त्यांचं दुकान होतं, पण हा धंदा नव्हता, खाज होती. एका लग्नात शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सगळ्या गंज-पातेल्यांवर त्यांनी हौसेनं नवरीच्या बापाचं नाव घातलं. पंगती उठायच्या आधीच दोन घरांत जुंपली.

मी तेव्हा नवी सून होते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळी गल्ली पेंगायची आणि समोरून एकसारखी टिकटिक यायची. त्यांच्या परातींवरचं ऊन उडून आमच्या छतावर हलत राहायचं. मी सतरंजीवर पडून ते बघायची. डोळे मिटायला लागले की वाटायचं, अख्खी गल्ली कुणीतरी टिंबाटिंबांनी लिहून काढतंय. कधीकधी भाजीही करपायची त्या नादात.

मग लढाई आली. आमचे हे शाळेत इतिहास शिकवायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून तह, अपमान, कारखाने, बाजारपेठा अशी लढाईची एकेक कारणं सांगायचे. दौलतजी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, इतकं काहून फिरवून राहिले? भांड्यावर नाव नव्हतं, म्हून भांडण लागलं. इंग्रजानं साऱ्या दुनियेच्या भांड्यावर आपलंच नाव घातलं. जर्मन म्हणे, मंग मी जेवू कशात?"

"आणि आपल्या नागपूरवर कुणाचं नाव आहे, काकाजी?" मी आतून विचारलं.

"हळू बोल वं सूनबाई! त्याच्यासाठीच तं छिन्नीले धार लावून ठेवली."

ह्यांनी कपाळाला हात लावला. दौलतजींच्या डोक्यापुढे इतिहासाचं काही चालेना.

हळूहळू बाजारातून पितळ नाहीसं झालं. तोफगोळ्यांना लागतं म्हणे. रॉकेलसाठी रांगा लागल्या, साखर दिसेनाशी झाली. लोक मातीचे माठ घेऊन येऊ लागले, तर दौलतजी खवळायचे, "मी कुंभार हावो का गा?" टिकटिक थांबली तशा आमच्या दुपारी मुक्या झाल्या. मला झोप येईना.

त्यांचा एकुलता एक वसंता मोटारी चालवायला फौजेत गेला होता. निघताना बापानं त्याच्या लोट्यावर नाव घातलं होतं. नुसतं नाव नाही, पुढे 'इतवारी, नागपूर' सुद्धा. वसंता लाजून म्हणाला, "बाबा, पोरं हसतीन." दौलतजी म्हणाले, "हसू दे. नाव असलं का भांडं हरपत नाई. दहा घरं फिरून घरी येते."

वसंता बेपत्ता असल्याची सरकारी तार आली. त्यानंतर लढाई संपली, गावोगावची पोरं परतली. वसंता आला नाही. दौलतजींची बायको सरूबाई रोज स्टेशनकडून येणारे टांगे बघत दारात बसायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

अक्षय तृतीयेच्या आधी सरूबाईचा भाऊ हुडकेश्वरहून आला. कुठून मिळवली देव जाणे, नवीकोरी पितळेची घागर घेऊन आला. गेलेल्याच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर देतात. "भाऊजी," तो म्हणाला, "याच्यावर कै. वसंत घाला. महादेवाच्या देवळात देऊन टाकू. पोराले पानी तं भेटू द्या."

दौलतजींनी छिन्नी-हातोडी काढली. घागर मांडीत घेऊन बसले. कितीतरी दिवसांनी टिकटिक सुरू झाली, छतावर ऊन हललं, आणि मला ते नकोसं झालं.

टिकटिक थांबल्यावर सरूबाई घागर घेऊन माझ्याकडे आली. तिला अक्षर येत नव्हतं.

"वाच वं, माह्या पोराचं नाव कसं घातलं?"

मी वाचलं, "चि. वसंत दौलत, इतवारी, नागपूर."

"कै. नाई घातलं?"

"नाही, काकू."

भाऊ चिडला. "भाऊजी, हे काय केलं? लोक काय म्हनतीन?"

समोरच्या ओट्यावर दौलतजी छिन्नी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्या हातून ते अक्षर निघत नाई गा."

सरूबाई घागरीवरून बोटं फिरवत राहिली. मग भावाला म्हणाली, "मंग देवळात काहून न्यायची? उन्हातून येईन पोरगं. पानी घरी पायजे."

तिनं घागर आडातून भरून आणली आणि आपल्या ओट्यावर ठेवली. मला रडू आवरेना. दौलतजी उठले, घागरीपाशी वाकले आणि ती हळूच गोल फिरवून त्यांनी नाव रस्त्याच्या बाजूला केलं.